नडगीतला उजेड

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला. त्यात माझ्या नातीचं सगळं अंग करड्या सावलीसारखं दिसत होतं आणि त्या सावलीत ठिकठिकाणी उजेड पेटलेला. मेंदू पेटलेला, लघवीची पिशवी पेटलेली. माझी सून ते बघून दचकली, तर बाई म्हणाल्या, ते तसंच दिसतं, सगळ्यांचंच. पण मानेतला, काखेतला आणि छातीच्या मधोमधचा उजेड तसा नव्हता. तो कशाचा हे आम्हाला आठवडाभर आधीच कळलं होतं. मानेतली गाठ काढून तपासली होती आणि लिम्फोमा सांगितला होता, म्हणजे गाठींचा कॅन्सर. त्या शब्दाला आम्ही कसंबसं सरावत होतो, तेवढ्यात बाईंचं बोट खाली गेलं. डाव्या पायाच्या नडगीत, गुडघ्याच्या वीतभर खाली, अजून एक ठिपका पेटलेला होता.

"हे मला कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "साध्या फोटोतही त्याच जागी हाडावर एक अंधुक रेघ दिसतेय. पायाला कधी मार लागला होता का?"

"न्हाय," सून म्हणाली. "मी माहेरी व्हते तवा एकदा पाय लचकला व्हता म्हणं. तेवढंच."

नात नऊ वर्षांची. ती बाईंकडं बघेना, आईकडं बघेना. ती माझ्याकडं बघत होती. आणि मी खालच्या फरशीकडं.

आता मला थोडं मागं गेलं पाहिजे, नाहीतर मी फरशीकडं का बघत होते ते तुम्हाला उमगायचं नाही.

माझे वडील मेंढरं राखायचे. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी कळपामागं चालले. शाळेचं तोंड बघितलं नाही. लिहायला-वाचायला शिकले ते पुढं पोरांच्या पुस्तकांवरून, फार उशिरा. पण हाड मला लवकर कळायला लागलं. कोकराचा पाय जमिनीच्या भेगेत अडकून मोडला की वडील त्याला मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि नुसती बोटं फिरवायचे. मोडलंय, की चीर गेलीय, की सांधा निसटलाय, सगळं बोटांनी. मग बांबूच्या कामट्या आणि चिंध्या. तीन-चार आठवड्यांनी ते कोकरू कळपात कुठलं ते ओळखू यायचं नाही. दहा-बारा वर्षांची होईस्तोवर माझी बोटं त्यांच्यासारखी फिरायला लागली होती.

लग्न होऊन पळसदेवला आले तेव्हा सासरची मेंढरं विकून झाली होती. धरणाचं पाणी शिवाराला लागलेलं, घरात ऊस आणि डाळिंबाच्या गोष्टी. पण गावात कुणाचा पाय मुरगळला, पोराचा हात निसटला की आधी माझ्या ओट्यावर आणि मग इंदापूरला, अशी रीत पडली. मला आवडायचं ते. खोटं कशाला सांगू. माणसं दारात उभी राहिली की मला बरं वाटायचं.

मग शेजारच्या एका मुलीचं कोपर मी बांधलं आणि ते वाकडं राहिलं. पुढं तिला ऑपरेशन करावं लागलं. त्या दिवशी सुनेनं मला धरलं. सून बारावी शिकलेली, बोलायला गोड, पण एकदा मनात घेतलं की सोडत नाही.

"आत्या, मेंढराचा पाय निराळा आन् माणसाचा निराळा."

"व्हय, मेंढरू गावभर सांगत सुटत न्हाय," मी म्हणाले. मला वाटलं ती हसेल.

ती हसली नाही. तिनं पोरीला बोलावलं, माझा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा, इथून पुढं कुणाचं हाड बांधणार न्हाय." मी म्हणाले. पोर मध्ये उभी राहून खिदळत होती, तिला वाटलं आशीर्वाद चाललाय.

त्या शपथेला दोन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. सून दुसऱ्या बाळंतपणाला कोऱ्हाळ्याला माहेरी गेलेली. माझ्या पोराला फवारणीमुळं रानातून सवड नाही. घरात मी आणि नात. कपडे धुवायचा धोंडा आहे आमच्या परड्यात, त्याच्यावर ती उभी होती. उडीसुद्धा मारली नाही तिनं, नुसती उतरली. उतरली आणि बसली. रडली नाही, पण तोंड पांढरं पडलं. मी धावत गेले आणि नडगीवर बोटं ठेवली. चीर होती. वाकडं नव्हतं काही, पण चीर होती.

आणि अजून एक गोष्ट होती. जिथं चीर होती तिथं हाडावर जरासा फुगवटा होता आणि ती जागा हाताला गरम लागत होती. नुकता लागलेला पाय असा गरम लागत नाही. त्याला वेळ लागतो, तासभर तरी. माझ्या बोटांना ते खटकलं. पण माझं डोकं दुसरीकडं पळत होतं, की आता हिच्या आईला काय सांगायचं.

दवाखान्यात नेलं असतं तर संपलं होतं. पण गुडघ्याएवढ्या धोंड्यावरून पोर पडली तीही माझ्या डोळ्यांदेखत, आणि बाळंतिणीला हे कळवायचं? मी म्हटलं चीरच आहे, हे तर मी झोपेतसुद्धा बांधेन. कामट्या तासल्या, बांधलं. बांधताना पोर म्हणाली, "आज्जे, आईला काय सांगायचं?"

"लचकला सांग."

"आन् बांबू?"

"आई यायच्या आत काढू."

तसंच केलं. चार आठवड्यांनी कामट्या काढल्या, ती चालायला लागली. जरा पाय ओढायची. पोराला आम्ही दोघींनी लचकलाच सांगितलं. सून तान्ह्या बाळाला घेऊन आली तेव्हा पोर अंगणात फिरत होती.

त्यानंतर महिन्याभरात तिला संध्याकाळचा ताप यायला लागला. अंथरूण भिजेल इतका घाम. मग मानेत गाठ. इंदापूर झालं, तिथून बारामती, गाठ तपासायला पाठवली, स्कॅनला पुण्याला जाऊन आलो. या सगळ्या धावपळीत माझ्या मनात एकच चाललेलं: पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी मोडली, आणि मोडली ती तिच्याच पायावर. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर शिकलेल्या माणसांनी मला वेड्यात काढलं असतं आणि न शिकलेल्यांनी मान डोलावली असती. दोन्ही मला सोसलं नसतं.

तर मी फरशीकडं बघत होते. बाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. त्या पुण्याहून बारामतीला यायच्या, वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, पण बोलायच्या सावकाश.

"मोडलेलं हाड भरून येत असलं की असंच उजळतं," त्या म्हणाल्या. "आणि आजार हाडात उतरला असला तरी असंच उजळतं. या फोटोवरून मला दोन्हींतला फरक सांगता येत नाही. हाडात नसेल तर उपचार थोडे हलके देता येतात. हाडात असेल तर जास्त आणि लांबवर द्यावे लागतात. नसताना जास्त दिले तर तिला नाहक सोसावं लागेल. असताना कमी दिले तर आजार परत येईल, आणि परत आलेला आजार जास्त अवघड असतो."

"मग कळायचं कसं?" सुनेनं विचारलं.

"तिथला तुकडा काढून तपासायचा. तोही औषध सुरू व्हायच्या आत, कारण औषधानं तिथली खूण पुसली जाते. पण छातीतली गाठ वाढतेय. मला फार थांबता येणार नाही. उद्या सकाळी ठरवू."

बारामतीजवळच, जळोचीत, माझ्या मावसबहिणीच्या घराची मागची खोली आम्हाला दिलेली होती. दुपारी सून बाळाला घेऊन जरा आडवी झाली. नात आणि मी दारात बसलो. तिला बसल्या बसल्या खोकला येत होता.

"आज्जे, पायात सुई घालनार का?"

"बघू."

"आपन पडल्याचं सांगितलं तर न्हाय घालनार ना? मोडलं व्हतं म्हणून उजेड पडला, असं त्यास्नी कळंल."

मी तिच्याकडं बघितलं. मला दिवसभर जे सुचलं नव्हतं ते या पोरीला सुचलं होतं. मी सांगितलं तर शपथ मोडल्याचं उघडं पडेल, पण बाईंना उजेडाचं कारण मिळेल. सुई टळेल. हलकं औषध मिळेल. आणि त्याच बैठकीत मला पुढचंही सुचलं. धोंडा सांगून चालायचं नाही. एवढ्याशा धोंड्यावरून उतरताना चांगलं हाड चिरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. उंची पाहिजे.

"पेरूच्या झाडावरनं पडलीस म्हणून सांगू," मी म्हणाले.

"मी झाडावर चढलेच न्हाय."

"चढली व्हतीस म्हण."

 तिनं विचारलं, "वरच्या फांदीवर का खालच्या?" म्हणजे तिनं मान्य केलं. तिला माझ्यासाठी खोटं बोलायची सवय लागली होती आणि ती मीच लावली होती.

सकाळी बाईंसमोर बसल्याबरोबर मी तोंड उघडलं. सुनेला आधी सांगायची हिंमत नव्हती. वाटलं, डॉक्टरसमोर ती ओरडणार नाही.

"बाई, पोर पडली व्हती. पायाला चीर गेली व्हती. मी बांधली."

सून वळली. मांडीवरच्या बाळाच्या पाठीवर फिरणारा तिचा हात थांबला.

बाई रागावतील असं मला वाटत होतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तुम्ही बांधलीत? तुम्ही हाडं बांधता का?"

"बांधत व्हते."

"चीर आहे हे कशावरून कळलं?"

"बोटांवरनं."

"मग मला सांगा आजी, बोटांना नेमकं काय लागलं? आठवून सांगा, घाई करू नका."

झाड माझ्या जिभेवर तयार होतं. वरची फांदी सांगायची हेही ठरलेलं. पण आजपर्यंत कुण्या शिकलेल्या माणसानं मला हे विचारलं नव्हतं, की बोटांना काय लागलं. आणि बोटांना काय लागलं असं कुणी विचारल्यावर मी कधी खोटं बोलले नव्हते, कोपर वाकडं राहिलं तेव्हासुद्धा नाही. मी डोळे मिटले. ती जागा पुन्हा माझ्या हाताखाली आली.

"चीर आडवी व्हती," मी म्हणाले. "वर जरासा फुगवटा व्हता. आन् तिथं गरम लागत व्हतं."

"पडल्यावर किती वेळानं हात लावलात?"

"लगोलग. ती अजून उठली बी नव्हती."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पडली कुठून?"

नात माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ हलायच्या बेतात होते, माझ्या आधी तीच झाड सांगणार होती.

"धुण्याच्या धोंड्यावरनं," मी म्हणाले. "गुडघ्याएवढा बी न्हाय तो. नुसती उतरली. चांगल्या कोकराचा पाय एवढ्यानं चिरत न्हाय, बाई. आधीच हाडात काहीतरी व्हतं. मला तवाच खटकलं व्हतं आन् मी बोलले न्हाय."

 बाई म्हणाल्या, "तुकडा काढावा लागेल. आजच." आणि फोन उचलला.

बाहेर आल्यावर नात मला म्हणाली, "तू म्हणलीस सुई टळंल."

"चुकले मी."

"आन् झाड?"

"ते बी."

तिनं हात सोडवून घेतला आणि आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

 बाकावर आम्ही तिघी आणि बाळ, समोरून स्ट्रेचर जातायत येतायत. पोरीला आत नेल्यावर सून म्हणाली, "शपथ घेतली व्हती तुमी."

"घेतली व्हती."

"माझ्या पोरीच्या डोक्यावर."

"व्हय."

"मला फोन करायचा व्हता, आत्या. मी ओली बाळंतीण असले तरी मेले नव्हते."

 तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पर तुमचा हात तिच्या डोक्यावर मीच ठेवला व्हता. रोज तेच येतंय डोक्यात. मला काय कळत व्हतं का, दुसऱ्या कशावर बी घेता आली असती शपथ."

म्हणजे घरातल्या घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, आम्ही दोघी एकच गोष्ट मनात धरून बसलो होतो. तिला पायाचं माहीत नव्हतं तरीही. तिच्या अंगावर हात ठेवावा असं मला वाटलं, पण ठेवला नाही. त्या दिवशी तो हात मला माझाच वाटत नव्हता.

पहिला तुकडा वाया गेला. तिसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, या आजाराच्या पेशी नाजूक असतात, काढताना चेचल्या जातात. यात काही तरी आहे असं दिसतंय, पण काय ते म्हणता येत नाही. पुन्हा काढावा लागेल. आणि तोवर पोरीला आडवं झोपवेना. उशांचा ढीग करून तिला टेकवून ठेवायचं. खोकला आला की मानेच्या खालचा खळगा आत ओढला जायचा. औषध समोर आहे आणि ते देत नाहीत, हे बघणं काय असतं ते मी सांगू शकत नाही. माझा पोरगा रानातली कामं टाकून आला होता. तो बाईंना म्हणाला, "मॅडम, पाय मरू द्या, श्वासाचं बघा."

"श्वासाचंच बघतेय," बाई म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत. त्यापुढं एक मिनिट थांबणार नाही, तुकडा मिळो न मिळो."

दुसरा तुकडा सकाळी घेतला आणि दुपारी औषध सुरू केलं. रिपोर्ट यायला अजून चार दिवस. त्या चार दिवसांत मी देवाजवळ काय मागितलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी मागितलं की सगळी चूक माझी निघू दे. हाड निरोगी असू दे, मी चुकीचं बांधलं म्हणून तिथं बिघडलं असू दे. सगळ्या गावात माझं नाव होऊ दे की या बाईनं नातीचा पाय नासवला. बोटांनी मला खोटं सांगितलेलं असू दे. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की माझ्या हाताला काही म्हणजे काही कळू नये.

रिपोर्ट आला. हाडात आजार होता.

"तुमच्या बांधण्याचा याच्याशी संबंध नाही," बाई मला म्हणाल्या. सुनेनं त्यांना शपथेचंही सांगितलं असावं, कारण पुढं म्हणाल्या, "शपथेचा तर नाहीच नाही. हाड आधीच पोखरलेलं होतं. म्हणून ते तेवढ्याशा धोंड्यावरून चिरलं."

"आन् मी झाड सांगितलं असतं तर?" मी विचारलं. सून आणि पोरगा दोघंही माझ्याकडं बघायला लागले. झाडाचं त्यांना माहीत नव्हतं.

बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "तर कदाचित मी तुकडा काढला नसता," त्या म्हणाल्या. "छातीची एवढी घाई होती. मी म्हटलं असतं, हाड भरून येतंय, आधी श्वास सोडवू." मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि उपचाराच्या जास्तीच्या फेऱ्या कशा असतील ते सांगायला लागल्या. सून एक-एक विचारत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. मी सुटले होते आणि मला सुटायचं नव्हतं.

पुढचे महिने जळोची ते दवाखाना, दवाखाना ते जळोची. केस गेले, तोंड आलं, वरण-भाताचा घास गिळवेना. पण दोन फेऱ्यांतच ती आडवी झोपायला लागली. माझ्याशी बोलायलाही लागली, आधी कामापुरतं, मग भांडणापुरतं. फेऱ्या निम्म्या झाल्यावर पुन्हा स्कॅन. पडद्यावर मान विझलेली, काख विझलेली, छाती विझलेली. नडगीत मात्र अजून उजेड होता. पहिल्याएवढा नाही, राखेखालच्या निखाऱ्याएवढा.

"हाड भरून येतानाही असं दिसतं," बाई म्हणाल्या, "आणि आजार थोडा उरला असेल तरीही. आता तुकडा काढत नाही. फेऱ्या पूर्ण करू आणि पुन्हा बघू."

परत येताना रिक्षात सून माझ्या शेजारी होती. बाळ झोपलेलं, नात पलीकडं टेकलेली. सून हळूच म्हणाली, "आत्या, सकाळी तिचं पाय चेपत व्हता तुमी. हाताला काय लागलं?"

लग्न झाल्यापासून हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं. आणि मला सांगता आलं असतं. फुगवटा बसला होता, जागा थंड लागत होती, हाड मला भरल्यासारखं वाटत होतं. हे शब्द ऐकायला ती किती आसुसली होती ते तिच्या आवाजात होतं. आधीची मी असते तर सांगून मोकळी झाले असते आणि रिक्षातून उतरताना ताठ चालले असते.

"थंड लागतंय, एवढंच सांगते," मी म्हणाले. "आत काय हाय ते माझ्या बोटाला दिसत न्हाय. पुन्यांदा फोटो निघंपतूर आपल्याला कळायचं न्हाय, पोरी."

 तिनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि स्वतः डोळे मिटून मागं टेकली. जळोची येईपर्यंत ती झोपली होती.

फेऱ्या संपल्यावरच्या स्कॅनला आम्ही सगळे गेलो. बाईंनी पडदा वळवला. डावी नडगी आणि उजवी नडगी सारखी दिसत होती, दोन्ही करड्या.

"इथं आता काही नाही," बाई म्हणाल्या.

"नक्की?" सून.

"आज नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, मग पुन्हा. काही वर्षं बघत राहू."

नात तोवर उठून उभी राहिली होती. डोक्यावर बोटभर केस आलेले. "मग मी पळू का?"

"आधी चालून दाखव," बाई म्हणाल्या. "दारापर्यंत जा आणि परत ये. मला पाय बघू दे."

ती निघाली. बाई बघत होत्या, सून बघत होती, पोरगा बघत होता, आणि मी दोन्ही हात पदराखाली धरून बघत होते. पाय ओढत नव्हती ती. दारापर्यंत गेली, दार ढकललं, आणि परत न येता तशीच बाहेर निघून गेली.